वार्षिकांकांतली अनोळखी माणसे

प्रति,
मा. कुलगुरू, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड;
तसेच नांदेड व लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे प्राचार्य आणि ग्रंथपाल

विषय: महाविद्यालयांचे जुने वार्षिकांक जपणे आणि त्यांतील नावांची सूची करणे

महोदय / महोदया,

महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचा पहिला वाचक अंक हाती पडताच स्वतःचा फोटो शोधतो, मित्रमैत्रिणींचे शोधतो, आपली कविता छापली का ते पाहतो आणि अंक ठेवून देतो. दुसरा वाचक तीस-चाळीस वर्षांनी येतो. त्याचे काम वेगळेच असते: एखाद्या प्राध्यापकाचा लेख हवा असतो, संस्थेचा इतिहास लिहायचा असतो, घरातल्या कुणाचे शिक्षणाचे वर्ष पडताळायचे असते. पाने उलटताना त्याची नजर एका चेहऱ्यावर अडते. त्या माणसाशी त्याचा काही संबंध नसतो. खाली नाव असते, वर्ग असतो, कधी गाव असते, आणि पुढच्या वर्षीच्या अंकात तो माणूस नसतो. जुन्या वार्षिकांकांची खरी गोडी या दुसऱ्या वाचकाला कळते, आणि अंक जपायचे ते मुख्यतः त्याच्यासाठी.

अमेरिकेतल्या शाळांच्या इयरबुकांत प्रत्येक विद्यार्थ्याचा वेगळा फोटो असतो, एकाच मापाचा, समोर बघणारा. ती पुस्तके मोजदादीला सोयीची असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या संशोधकांनी २०१५ साली अमेरिकी हायस्कुलांच्या इयरबुकांतले ३७,९२१ चेहरे संगणकावर तपासले. हे फोटो १९०५ ते २०१३ या काळातले होते, आणि चेहऱ्यांवरचे हसू दशकागणिक वाढत गेल्याचे त्यातून दिसले. मराठी मुलखातला वार्षिकांक या जातीचा नाही. तो निम्मा वाङ्मयीन अंक आणि निम्मा अहवाल असतो. त्यात प्राचार्यांचे मनोगत, संपादकीय, विद्यार्थ्यांचे लेख आणि कविता, जिमखान्याचे व एनसीसीचे वृत्तांत, स्नेहसंमेलनातल्या बक्षिसांची यादी आणि मध्ये गुळगुळीत आर्ट पेपरवर गटांचे फोटो येतात. विद्यार्थी इथे एकटा क्वचितच भेटतो. तो कबड्डीच्या संघात असतो, वाङ्मय मंडळात असतो, एकांकिकेच्या पात्रांत असतो. त्याला घोळक्यातून निवडून काढावे लागते, आणि या निवडण्यातच वाचक गुंतत जातो.

नांदेड आणि लातूरच्या अंकांना याहून अधिक मोल आहे, कारण इथे उच्च शिक्षण फार उशिरा पोचले. निजामाच्या राज्यात १९१८ साली हैदराबादेत उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले. पदवी हवी तर या भागातल्या मुलाला हैदराबाद गाठावे लागे, नाही तर संस्थानाबाहेर पडावे लागे. संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले आणि १९५० साली नांदेडात पीपल्स कॉलेज उभे राहिले. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ त्याच्या उभारणीत होते. लातुरात दयानंद महाविद्यालय १९६१ साली निघाले. नांदेडात शंकरराव चव्हाणांच्या संस्थेचे यशवंत महाविद्यालय १९६३ साली आले, आणि लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली. उदगीर, देगलूर अशा तालुक्याच्या गावांतही महाविद्यालये झाली. पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या अंकांत दिसणारी मुले बहुतेक करून घरातली पहिली महाविद्यालयात गेलेली मुले होती. कित्येक घरांचे नाव आणि चेहरा छापील कागदावर प्रथम आला तो वार्षिकांकातच.

त्यातला एखादा गटफोटो जवळून पाहण्यासारखा असतो. मागे इमारतीच्या पायऱ्या किंवा व्हरांड्याचे खांब. पुढे खुर्च्यांची रांग. मधल्या खुर्चीवर प्राचार्य, दोन्ही अंगांना प्राध्यापक, टोकांच्या खुर्च्यांवर जीएस आणि एखादा सचिव, पाठ ताठ करून बसलेले. मागे दोन-तीन रांगा उभ्या. शेवटची रांग बाकांवर चढलेली असते. बाके दिसत नाहीत, पण एकदम वाढलेल्या उंचीवरून ती कळतात. सगळ्यात पुढे जमिनीवर मांडी घातलेली मुले आणि त्यांच्या मधोमध जिंकलेली ढाल. हातांचे काय करावे हे फार थोड्यांना उमगलेले असते: कुणी ते छातीवर बांधतो, कुणी पाठीमागे लपवतो, कुणाचा एक हात शेजाऱ्याच्या खांद्यावर जाऊन अर्ध्यातच थांबलेला असतो. मुली असल्या तर एका कडेला, एकमेकींना चिकटून. खाली बारीक टायपात मजकूर येतो: बसलेले, डावीकडून, उभे, पहिली रांग, उभे, दुसरी रांग. नावे आडनावापासून सुरू होतात आणि पुढे नुसती आद्याक्षरे. कंधारकर, औसेकर, मुखेडकर, चाकूरकर अशा आडनावांनी तालुक्यांचा नकाशा तिथल्या तिथे तयार होतो. मग डोकी आणि नावे मोजावीत. ती नेहमी जुळतात असे नाही. एखादे डोके जास्त निघते, आणि खालच्या ओळींत त्याला नाव नसते. अशा जागी वाचक बराच वेळ थांबतो.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा फोटो तर आवर्जून बघावा. प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालयात पुस्तके काढून देणारा माणूस, तास वाजवणारा शिपाई, माळी. महाविद्यालयाचा इतिहास लिहिताना यांचा उल्लेख एखाद्या ओळीत होतो. इथे ते पूर्ण नावानिशी उभे असतात.

आजवर अंक जपले गेले ते मोठ्या माणसांसाठी. नांदेडचा जुना अंक कुणी कपाटात ठेवला तर बहुधा नरहर कुरुंदकरांसाठी. प्रतिभा निकेतन शाळेतले हे शिक्षक पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. १९८२ साली ते गेले, आणि त्यांनी लिहिलेला शब्दन् शब्द अभ्यासकांना हवा असतो. लातूरचा अंक राखला गेला तर डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासाठी. ते शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते, नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि राज्यसभेवर गेले. हे जपणे योग्यच आहे. पण या माणसांच्या नोंदी त्यांच्या ग्रंथांत आहेत, गौरवांकांत आहेत, वर्तमानपत्रांत आहेत. मधल्या खुर्चीवरचा माणूस हरवण्याची भीती नाही. मागच्या रांगेतल्या तिसऱ्या मुलाची दुसरी छापील नोंद मात्र बहुधा कुठेच सापडायची नाही.

फोटोइतकाच मजकूरही बोलतो. प्रथम वर्षाच्या मुलाने आईवर, पावसावर किंवा हुंड्यावर लिहिलेली कविता वाङ्मय म्हणून कच्ची असेल, पण ती लिहिताना त्याने बोलीतले जे शब्द वापरले ते शुद्धलेखन तपासणाऱ्या प्राध्यापकाच्या नजरेतून सुटून छापले गेले, आणि त्या सालातली कंधारकडची किंवा निलंग्याकडची मराठी तिथे शिल्लक राहिली. पुढे त्याने आयुष्यात दुसरी ओळ छापली नसेल. असे एकाच कवितेचे कवी या अंकांत शेकड्यांनी आहेत, आणि त्यांचे वाचक म्हणून आपणच उरलो आहोत. मराठीबरोबर हिंदी आणि इंग्रजी विभाग असतात. उर्दू विभाग असेल तर तो अंकाच्या उलट बाजूने उघडतो, त्यामुळे एकाच अंकाला दोन दर्शनी बाजू येतात. निजामी राजवटीचा भाषिक वारसा या बांधणीत जितका उघड दिसतो तितका इतर कुठल्या छापील वस्तूत क्वचितच दिसेल. शेवटच्या पानांवर शुभेच्छांच्या जाहिराती: नांदेडच्या वजिराबादेतले कापड दुकान, लातूरच्या गंजगोलाईतली आडत, पुस्तकांचा डेपो, शिवणयंत्रांचा विक्रेता. महाविद्यालयाशी कुणाचा घरोबा होता ते यांवरून समजते.

अनोळखी माणसांची ओढ वाटते यामागे एक कारण आहे. त्यांच्या पुढे काय वाढून ठेवले होते ते वाचकाला ठाऊक असते. फोटोतल्या माणसाला ते ठाऊक नसते. १९७१-७२ च्या अंकात एनसीसीच्या गणवेशात उभा असलेला मुलगा १९७२ च्या दुष्काळाच्या उंबरठ्यावर आहे. १९७३-७४ च्या अंकातल्या विद्यार्थी प्रतिनिधींना पाहताना मराठवाडा विकास आंदोलन आठवते, कारण १९७४ साली ते विद्यार्थ्यांनीच पेटवले होते. १९७७-७८ च्या अंकात एकाच संघाच्या फोटोत खांद्याला खांदा लावून उभी असलेली मुले १९७८ च्या जुलैत, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा, गावोगाव कोणत्या बाजूला गेली असतील हा प्रश्न टाळता येत नाही. त्या दिवसांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले; नांदेड जिल्ह्यानेही ते पाहिले.

लातूरकडचा १९९२-९३ चा अंक सर्वांत अवघड. असे फोटो साधारणपणे स्नेहसंमेलनाच्या सुमारास, म्हणजे थंडीत काढले जातात. त्यानंतर काही महिन्यांनी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ रोजी तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. औसा, निलंगा आणि शेजारच्या उमरगा भागातली दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे गेली. त्या अंकात एखाद्या विद्यार्थ्याच्या नावापुढे त्या पट्ट्यातले गाव छापलेले दिसले की वाचक पुढच्या वर्षीचा अंक काढतो आणि तेच नाव शोधू लागतो. ते सापडले तर हायसे वाटते. नाही सापडले तर मुलगा उत्तीर्ण होऊन गेला असेल, दुसरीकडे गेला असेल. काहीही ठरवता येत नाही. इथे दोन सलग वर्षांचे अंक एकत्र असणे किती महत्त्वाचे आहे ते ध्यानात येते. सुटा अंक माणूस दाखवतो. तो राहिला की गेला हे पाहायला पुढचा अंक हाताशी लागतो.

पण पुष्कळ अंकांचे मुखपृष्ठच फाटलेले असते आणि वर्ष कळत नाही. अशा अंकाचा काळ ठरवायला या भागाचा प्रशासकीय इतिहास फार उपयोगी पडतो. पत्त्यात हैदराबाद राज्य असेल तर अंक १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचा. मुंबई राज्य असेल तर त्यानंतरचा, पण १ मे १९६० च्या आधीचा. महाविद्यालय उस्मानियाशी संलग्न दिसले तर तो २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू होण्यापूर्वीचा धरावा. लातूरपुढे जिल्हा उस्मानाबाद छापले असेल तर ऑगस्ट १९८२ पूर्वीचा, कारण त्या महिन्यात लातूर जिल्हा झाला. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. नांदेड ४३१६०१ किंवा लातूर ४१३५१२ असे दिसले की अंक त्यानंतरचा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा वृत्तांत असेल तर तो १९६९ च्या आधीचा असू शकत नाही. पी.यू.सी.चा (विद्यापीठपूर्व) वर्ग असेल तर अंक जुना, अकरावी-बारावी असेल तर १९७५ साली १०+२+३ आकृतिबंध सुरू झाला त्यानंतरचा. सर्वांत नेमकी खूण १९९४ सालातली आहे. १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दिले गेले आणि १७ सप्टेंबरला नांदेडचे विद्यापीठ वेगळे झाले. म्हणजे नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या अंकावर संलग्नता म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ छापलेले असेल, तर तो त्या आठ महिन्यांतला, फार तर छपाईच्या विलंबाने थोडा पुढचा. काही अंकांत मालकी आणि प्रकाशनाचे निवेदन, फॉर्म ४, नियम ८, छापलेले असते. त्यात मुद्रकाचे नाव, पत्ता आणि तारीख येते. ते पान हाती लागले तर बाकी तर्क करायची गरजच पडत नाही.

आता अंकांच्या अवस्थेविषयी. जुना मजकूर खिळे जुळवून साध्या कागदावर छापलेला. तो कागद पिवळा पडून काठावर तुटतो. फोटोंसाठी जस्ताच्या पत्र्याचे ब्लॉक करावे लागत आणि त्यांचा खर्च चौरस इंचावर होई, म्हणून एका फोटोत जितकी माणसे मावतील तितकी घेतली जात. आर्ट पेपरला ओल लागली की पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चेहरेच निघून येतात. मधल्या पिना गंजतात, गंज कागद खातो; उरलेले काम कसर आणि वाळवी करते. यापेक्षा मोठा धोका रद्दीचा आहे. वार्षिकांक विकत घेतलेला नसतो, त्यामुळे अनेक ठिकाणी त्याची दाखल नोंदवहीत नोंदच होत नाही. नोंद नसलेली वस्तू साठा तपासणीत दिसत नाही, आणि इमारत बदलताना किंवा कपाटे रिकामी करताना ती पहिल्यांदा बाहेर जाते. प्रत्येक अंकाला दाखल क्रमांक देणे हा यावरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे. विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांकडून प्रत्येक वर्षाची एक प्रत मागवून आपल्या ग्रंथालयात सलग संच ठेवावा. परभणी आणि हिंगोली हे जिल्हेही याच विद्यापीठाचे आहेत. तिथले अंकही त्यात यावेत. ज्या वर्षाची प्रत महाविद्यालयात उरली नाही, ती माजी विद्यार्थ्यांच्या घरातल्या माळ्यावर, लोखंडी पेटीत सापडण्याची शक्यता बरीच असते.

संच झाला तरी नाव शोधायला सूची लागतेच. मराठी माणसाला हे काम अपरिचित नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची तयार केली, आणि तिच्यावाचून मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाचे आजही चालत नाही. वार्षिकांकाची सूची त्याहून कितीतरी सोपी आहे: नाव, वर्ग, गाव, वर्ष, पान, आणि नोंद फोटोची की लेखाची. एका महाविद्यालयाच्या एका वर्षाच्या अंकाची सूची ग्रंथालयशास्त्राचा एक विद्यार्थी प्रकल्प म्हणून सहज पुरी करू शकतो. अंकाचे मोबाइलवर काढलेले फोटो मात्र सूचीसाठीच वापरावेत. जतनासाठी सपाट स्कॅनर हवा, कारण छापील फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो आणि कॅमेऱ्याच्या पिक्सेलांशी त्या ठिपक्यांचा मेळ बसला नाही की चेहऱ्यावर जाळी उमटते.

मुलींच्या नावांकडे सूचीत वेगळे लक्ष द्यावे लागेल. अंकात त्या कु. लावून माहेरच्या आडनावाने येतात. लग्नानंतर आडनाव बदलते, वडिलांच्या नावाजागी नवऱ्याचे येते, आणि अनेक घरांत पहिले नावही बदलते. वर्गातला मुलगा पन्नास वर्षांनीही त्याच नावाने सापडतो. शेजारी उभी असलेली मुलगी मतदार यादीत, सेवापुस्तकात, बँकेच्या खात्यावर दुसरीच कुणी असते. १९६०-७० च्या दशकांत नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत विज्ञान शिकलेल्या किंवा वादविवाद स्पर्धेची ढाल आणलेल्या मुली पुढे कुठे गेल्या हे शोधायचे, तर दोन्ही नावे जोडणारी नोंद लागेल, आणि ती त्यांच्याकडून किंवा त्यांच्या वर्गमैत्रिणींकडूनच मिळेल. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांचे मेळावे ही चांगली जागा आहे. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा स्वतंत्र मुद्दा असल्याने असे मेळावे भरतातच. भाषणांच्या सभागृहाबाहेर एका टेबलावर जुने गटफोटो मोठे करून ठेवावेत, प्रत्येक डोक्याला क्रमांक द्यावा आणि शेजारी वही ठेवावी. नाव नसलेल्या डोक्यांची नावे अशी मिळतील, आणि आधी सर्वांत जुने फोटो घ्यावेत, कारण ते ओळखणारी माणसे आता सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढे आहेत.

अंक संगणकावर आणताना दोन कायदे पाळावे लागतील. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, आणि तो कवितेच्या एका पानालाही लागू आहे. म्हणून लेखनाचा पूर्ण मजकूर सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी परवानगी घ्यावी. नावांची सूची करायला आणि मूळ अंक ग्रंथालयात बसून वाचू द्यायला अशी अडचण नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा विचार करता घरचे पत्ते, दूरध्वनी, गुण आणि शिष्यवृत्तीच्या याद्यांतली जातीची नोंद ऑनलाइन सूचीत मुळीच घेऊ नये. फोटोतल्या कुणी, किंवा त्यांच्या घरच्यांनी, पान काढून घ्यायला सांगितले तर ते संकेतस्थळावरून लगेच उतरवावे. छापील अंक मात्र दाखल क्रमांकासह कपाटात राहावा आणि मागणाऱ्याला ग्रंथालयात वाचायला मिळावा.

कळावे,
नांदेड-लातूरच्या जुन्या वार्षिकांकांचा एक वाचक